कोण कुठल्या खात्यात होते?

हिंगणघाट किंवा पुलगावच्या गिरणीचा इतिहास विचारला की मालकाचे नाव सांगतात, भोंग्याची आठवण काढतात. कोणत्या जातीचा माणूस कुठल्या खात्यात होता, हे कोणी सांगत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या या दोन गावांत 19व्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत गिरण्या उभ्या राहिल्या. त्याआधी याच मुलखातले महार खेडोपाडी जाडेभरडे कापड विणत होते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातींवरच्या 1916 च्या ग्रंथात तशी नोंद आहे. गिरणीचे स्वस्त कापड आले, हातमाग बसले आणि विणकर मजूर झाले.

याच काळात मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते? विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण ते खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. 1938 साली मनमाडला त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

म्हणजे दार कसबावरून बंद झाले नव्हते, जातीवरून झाले होते. आज कॉलेजात आणि ऑफिसात 'मेरिट' ऐकवले जाते तेव्हा हे लक्षात ठेवा. ज्यांना साच्याजवळ उभे राहू दिले नाही, त्यांच्या नातवंडांना विचारले जाते, तुमच्या घरात कौशल्य कुठे होते?

आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले पदवीधर आहोत. हा इतिहास लिहिण्याचे काम आपलेच आहे. आजोबांना, आजीला विचारा: खाते कोणते होते? पाण्याचा माठ एक होता की दोन? चाळीत कोणती ओळ कोणाची? हजेरीकार्ड, फंडाची पावती, युनियनची वर्गणी रद्दीत जाऊ देऊ नका.

आणि सरकारकडे आमची मागणी आहे: बंद गिरण्यांची यंत्रे भंगारात आणि जमिनी बिल्डरांकडे जातात, निदान त्यांचे मस्टर पुराभिलेखागारात जमा करा. त्या हजेरीपटांत आपली माणसे आहेत, कोण कोणत्या खात्यात होता त्यासकट.

जय भीम.