अदृश्य नव्हे, उशिरा दिसणारी

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांमध्ये यंदा स्टेल्थ फ्रिगेटांची गर्दी आहे. आपल्या विज्ञानकथा आणि साहसकथा लिहिणाऱ्यांना आरमार खुणावू लागले, ही आनंदाची गोष्ट. तक्रार एकच आहे. यातल्या बहुतेक युद्धनौका शत्रूला दिसतच नाहीत. जी नौका दिसतच नाही, तिच्या कॅप्टनला कसला निर्णय घ्यावा लागणार? आणि निर्णयच नसेल, तर कथा कशाची?

खरी स्टेल्थ नौका उशिरा दिसते, एवढेच. रडारकडे परतणारा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर आणला, तरी ती टिपली जाण्याचे अंतर जेमतेम निम्मे होते. तेच अंतर एक दशांश करायचे, तर प्रतिध्वनी दहा हजारावा भाग उरला पाहिजे. म्हणून तर फ्रान्सच्या ला फायेत वर्गात भिंती कलत्या केल्या, होड्यासुद्धा पडद्याआड ढकलल्या. आपल्या माझगाव डॉकने बांधलेली ‘शिवालिक’ २०१० साली नौदलात आली; त्याच मार्गाने पुढे गेलेली ‘निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी. ‘निलगिरी’ची लांबी १४९ मीटर. एवढे धूड नाहीसे होत नाही. शत्रूच्या पडद्यावर ते लहान दिसते आणि त्याला विचाराला कमी वेळ मिळतो. तुमची कथा त्या वाचलेल्या मिनिटांत घडायला हवी.

समजा, तुमच्या काल्पनिक वर्गाचे नाव ‘बालाघाट’. रात्रीची वेळ, अरबी समुद्र, हेलिकॉप्टर परतते आहे. हँगरचे दार उघडावे लागेल, आणि आतल्या पोकळीतले काटकोन रडारची लाट आली तशी माघारी धाडतील. स्वतःचे रडार लावावे, तर त्याला जितक्या दूरचे दिसते त्याहून कितीतरी दुरून शत्रू त्याची चाहूल घेतो. वेग वाढवायला गॅस टर्बाइन सुरू केली की धुरांड्यातली उष्णता वाढते. पंख्याभोवती बुडबुडे फुटू लागतात आणि खाली दबा धरलेल्या पाणबुडीला आयताच आवाज मिळतो. डिझेलवर सावकाश जावे, तर पोहोचायला उशीर. यातला एकेक पर्याय म्हणजे एकेक प्रसंग आहे. आलेल्या कथांत मात्र पानेच्या पाने क्षेपणास्त्रांच्या वर्णनाला दिली आहेत आणि हँगरच्या दाराला एक ओळही नाही.

पैशाचेही तसेच. अमेरिकेने झुमवॉल्ट वर्गाच्या ३२ विनाशिका योजल्या होत्या. खर्च वाढत गेला आणि बांधून झाल्या तीन. तुमच्या वर्गात डझनभर नौका असतील, तर त्यांचे पैसे कुठून आले हे निदान लेखकाला तरी ठाऊक असावे.

नावाबाबतही घाई नको. वर्गाला त्यातल्या पहिल्या नौकेचे नाव मिळते. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री ही पर्वतांची नावे फ्रिगेटांना. कोलकाता, सुरत ही शहरांची नावे विनाशिकांना. ‘सिंधुदुर्ग’ हे नाव काहींना मोहात पाडते, पण त्या नावाची कॉर्व्हेट आपल्या नौदलात होऊन गेली आहे. अजिंठा, महादेव, बालाघाट या डोंगररांगा मात्र खुणावताहेत.

तेव्हा विनंती अशी: कथेसोबत आपल्या नौकेचा एक पानी तक्ता पाठवा. त्यात शस्त्रांची यादी नको. ती किती अंतरावरून दिसते, कशाने ऐकू येते, कुठे तापते आणि लपून राहण्यासाठी तिला काय सोडावे लागते, एवढेच लिहा. तक्ता छापला जाणार नाही. पण ज्या कथेसोबत तो असेल, ती आम्ही आधी वाचू.