सिरपातील ग्लिसरीन
हैतीमध्ये १९९५-९६ साली तापासाठी पॅरासिटामॉलचे सिरप घेतलेली ८० हून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. सिरप तेथेच तयार झाले. त्यातील ग्लिसरीन मात्र चीनहून, युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातांतून आले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. तेही पारदर्शक, गोडसर आणि स्वस्त. भेद कळतो तो प्रयोगशाळेतच. लष्करी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात औषधधोरण कागदावर उतरविणे एक वेळ जमेल; पण प्रत्येक पिंपातील नमुना तपासणार कोण? २०२२ मध्ये गांबियात बालके अशीच गेली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने बोट दाखविले ते हरयाणात बनलेल्या सिरपांकडे. खोकल्याच्या सिरपांची निर्यातपूर्व तपासणी भारताने सक्तीची केली, ती १ जून २०२३ पासून.