तीन काळे रंग आणि एक करडा

आजच्या अमेरिकी चित्रकलेतलं समान सूत्र विचारलं की बहुतेक समीक्षक ‘अस्मिता’ एवढं सांगून मोकळे होतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. त्यात चित्राचा विषय कळतो, चित्र रंगवलंय कसं ते कळत नाही. युरोपीय तैलचित्रणाचं तंत्र शतकानुशतकं गोऱ्या कांतीवर घोटवलं गेलं. त्याच तंत्राने कृष्णवर्णीय माणूस कसा रंगवायचा, या प्रश्नाने अनेक चित्रकार एकत्र बांधले गेलेत. १९५५ साली अलाबामात जन्मलेले केरी जेम्स मार्शल त्वचेसाठी तपकिरी रंगाचा आडोसा घेत नाहीत. आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक आणि मार्स ब्लॅक या तीन काळ्यांत ते निळ्या-हिरव्याची भर घालतात, म्हणून लांबून सपाट भासणारा चेहरा जवळून पाहताना उलगडत जातो. त्यांच्या २०१२च्या ‘स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर’मध्ये कृष्णवर्णीय बायकांच्या पार्लरमध्ये स्लीपिंग ब्यूटीचं सोनेरी केसांचं डोकं तिरपं ताणलेलं दिसतं. होल्बाइनने १५३३ साली ‘द अँबॅसेडर्स’मध्ये कवटी अशीच ताणली होती. परंपरेशी एवढं नेमकं भांडायचं तर ती आधी हातात मुरलेली असावी लागते. एमी शेराल्ड यांची वाट उलटी आहे: मिशेल ओबामा असोत वा २०२०मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारली गेलेली ब्रिओना टेलर, त्या त्वचा करड्या छटांत रंगवतात. रंग बघून माणसाबद्दल मत बनवायची सवय तिथे अडखळते. केहिंदे वायली यांनी २००५ साली डाव्हिदने रंगवलेल्या घोडेस्वार नेपोलियनच्या जागी लष्करी छापाच्या कपड्यातला आजचा तरुण घोड्यावर बसवला. ते चित्र देखणं आहे, पण मला थोडं उणं वाटतं. स्वार बदलला, घोड्याचा रुबाब तसाच राहिला.

यावर आक्षेप येतो की हे सारं बाजाराने उचलून धरलेलं आहे. शिकागोतल्या एका सार्वजनिक संस्थेने २५ हजार डॉलरला घेतलेलं मार्शल यांचं ‘पास्ट टाइम्स’ २०१८च्या लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरला गेलं, हे खरंच. पण अंधारात फक्त डोळे, दात आणि सदऱ्याचा पांढरा तुकडा दिसणारं त्यांचं छोटंसं आत्मचित्र १९८०चं आहे. तेव्हा असल्या चित्रांना असा भाव देणारं कुणी नव्हतं. पैसा या चित्रांमागून आला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संग्रहालयांची दारं उघडली, मग आता भांडण कशासाठी? वॉशिंग्टनच्या ज्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने शेराल्ड यांचं मिशेल ओबामांचं व्यक्तिचित्र २०१८ साली मानाने लावलं, तिथेच त्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्यातल्या, स्वातंत्र्यदेवतेच्या रूपात ट्रान्सजेंडर स्त्री दाखवणाऱ्या एका चित्रावरून मतभेद झाले आणि २०२५च्या जुलैमध्ये शेराल्ड यांनी अख्खं प्रदर्शनच मागे घेतलं.