लादीखालची जमीन

खोलीची शोभा लादीत दिसते. त्या लादीचे आयुष्य मात्र खालच्या जमिनीवर अवलंबून असते. हे सर्वांस मान्य असूनही जमिनीच्या पूर्वतयारीस आपल्याकडे कामाचा दर्जा मिळत नाही. मजुरी ठरते ती बसविलेल्या लाद्यांच्या चौरस फुटांवर. जमीन घासण्यात गेलेला दिवस बहुधा कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. ही रीत बदलणे अवश्य आहे.

दुकाने, गोदामे व कारखाने यांतील काँक्रीटच्या जमिनीवर तेल, पाणी व धूळ यांच्या निवारणार्थ ॲक्रिलिकचा किंवा एपॉक्सीचा लेप देतात. काँक्रीटची सूक्ष्म रंध्रे बुजविणे हेच या लेपाचे प्रयोजन होय. उलटपक्षी, लादीखालचा सिमेंटचा मसाला पकड घेतो तो याच रंध्रांच्या व खरबरीतपणाच्या आधारे. ओला मसाला रंध्रांच्या मुखाशी शिरतो, तेथे सिमेंट व पाणी यांच्या संयोगाने सूक्ष्म स्फटिक वाढतात आणि दोन्ही थर परस्परांत गुंतून जातात. रंध्रे बुजलेली असली म्हणजे मसाला लेपावर नुसता पडून राहतो. मग लादी पोकळ वाजू लागते, आणि दोष मात्र गवंड्याच्या हातास दिला जातो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावे. ते काही मिनिटांत मुरून काँक्रीट गडद झाले, तर रंध्रे मोकळी आहेत. मण्यांप्रमाणे तसेच राहिले, तर लेप कायम आहे असे समजावे.

लेप घालविण्यासाठी कित्येक जण आम्ल ओततात. ते व्यर्थ होय. कारण आम्लाची क्रिया सिमेंटवर होते, आणि लेपामुळे ते सिमेंटपर्यंत पोहोचतच नाही. हिरकणी बसविलेल्या चकतीच्या यंत्राने लेप घासून काढणे हाच भरवशाचा मार्ग. त्यानंतर धूळ पूर्णपणे काढून थेंबांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

परंतु या घासण्यात एक गंभीर धोका आहे. काँक्रीटच्या बारीक धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो; 1997 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही. पाण्याचा मारा किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र, आणि त्याजोडीस योग्य मुखवटा, ही साधने हवीतच.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की थेंबांची परीक्षा, घासणी व धुळीपासून संरक्षण या बाबी करारात स्वतंत्रपणे लिहाव्या आणि त्यांचे मोल स्वतंत्रपणे द्यावे. ज्या कामाचे मोल मिळत नाही ते काम टाळले जाते. आणि टाळले नाही, तर त्याची किंमत कामगाराच्या श्वासाने चुकती होते.