‘ॲज इज’ लिहिलं की सुटलो का?



मुलं शिकून आपापल्या गावी गेली, आईवडील मोठं घर विकून लहान घरात निघाले, आणि बेसमेंटमधून बेसबॉल कार्डांची खोकी बाहेर आली. अमेरिकेतल्या आपल्या मराठी जैन घरांत सध्या हेच चाललंय. स्वाध्यायानंतर चहाच्या वेळी विषय एकच: जवळच्या कार्डांच्या दुकानात द्यायची की ऑनलाइन विकायची? जास्त डॉलर कुठे, एवढंच बघायचं. परवा एका ताईंनी युक्ती सांगितली. फोटो असा काढायचा की कोपऱ्यावरची घडी दिसू नये, आणि खाली ‘ॲज इज’ लिहायचं. “घेणाऱ्यानं बघून घ्यावं. आपण खोटं कुठे बोललो?” सगळ्या हसल्या. माझं भांडण त्या ताईंशी नाही, या वाक्याशी आहे.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्र वाचतो. सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार आहेत. त्यात हीनाधिक मानोन्मान आहे, म्हणजे देण्याघेण्यात खोटी मापं. प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे हलका माल चांगल्याच्या नावानं खपवणं. नीट बघा, आचार्यांनी हे दोष सत्यव्रताखाली नाही, अचौर्याखाली घातलेत. तेव्हा ‘खोटं बोललो नाही’ हा बचाव इथे चालतच नाही. आरोप खोटं बोलण्याचा नाही, चोरीचा आहे.

कार्डांच्या धंद्यात माप म्हणजे कार्डाची अवस्था. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध छापलंय की सरकलंय. पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्ड तपासून १ ते १० असा दर्जा देते, आणि एकाच कार्डाच्या ८ आणि १० या दर्जांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. अशा बाजारात घडी लपवणं म्हणजे पारड्याखाली मेण चिकटवणंच.

होनस वॅगनरच्या कार्डाची गोष्ट माहीत आहे ना? टी-२०६ मालिकेतलं, १९०९ ते १९११ च्या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं. त्याची सगळ्यांत गाजलेली प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. २००७ मध्ये तिला २८ लाख आले. आणि २०१३ मध्ये लिलाववाल्या बिल मास्ट्रोनं कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानं कापल्या होत्या. कार्ड अस्सल होतं. लपवलं ते फक्त कापणं. आपल्या ताईंची घडी आणि ही कात्री, फरक रकमेचा आहे, जातीचा नाही.

दुसरं, दुकानदाराला ‘लुटारू’ म्हणणं बंद करा. तो अर्धा भाव देतो, कधी त्याहून कमी. पण त्याला जागेचं भाडं आहे, आणि माल कधी विकला जाईल याची खात्री नाही. कार्ड हातात घेऊन, भिंगातून बघून तो आपल्यासमोर आकडा सांगतो. नको असेल तर उठून यावं. ऑनलाइन जास्त मिळतात खरे, पण बड्या साइटचं कमिशनच साधारण आठवा भाग घेतं, वर टपाल, पॅकिंग आणि परत आलेला माल. कुठेही विका. फक्त दुकानात दोघेही कार्ड बघतात आणि ऑनलाइन घेणारा आपण दाखवू तेवढंच बघतो, म्हणून तिथे आपली जबाबदारी वाढते.

आणि हे सगळं कशासाठी? आपल्या मुलांची बहुतेक कार्डं १९८० च्या दशकाच्या शेवटची आणि नव्वदच्या सुरुवातीची. ती इतकी छापली गेली की शौकीन त्या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात. १९८९ च्या अपर डेकचा केन ग्रिफी ज्युनियर असा एखादा सोडला तर खोक्याला फारसं कुणी विचारत नाही. चार-पाच डॉलरसाठी आपण व्रत मोडतोय!

रोख मिळाले म्हणून नफा करात दाखवायचा नाही, हेही ऐकते. राज्याचा नियम डावलणं, विरुद्धराज्यातिक्रम, हाही त्याच पाचांतला.

आणखी एक प्रश्न कुणी विचारतच नाही. ती खोकी कुणाची? मुलानं खाऊचे पैसे साठवून घेतलेली. त्याला फोन न करता विकणं हे सरळ अदत्तादान, न दिलेलं घेणं. ‘अपरिग्रह केला’ म्हणून मिरवू नका. अपरिग्रह आपल्या वस्तूंचा असतो.

तर आधी मुलाला विचारा. मग उजेडात दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. घडी असेल तर पहिल्या ओळीत लिहा. भाव उतरेल. उतरू दे, तो वरचा पैसा आपला नव्हताच.

कुणाला पटत नसेल तर येत्या रविवारी सातवा अध्याय घेऊन या. बसून बोलू.