पेटी आधीं कीं मातृफलक आधीं?

तुपाला भांड्याचा आधार कीं भांड्याला तुपाचा, असा संशय येऊन ज्यानें भांडें उपडें करून पाहिलें, त्या नैयायिकाची गोष्ट आम्ही पाठशाळेंत असतांना शास्त्रीबोवांनीं सांगितली होती, आणि आम्ही पोट धरधरून हंसलों होतों. साठी उलटल्यावर तोच प्रकार आमच्या हातून घडला. फरक इतकाच कीं, आमच्या हातांत तुपाच्या भांड्याऐवजीं संगणकाचा मदरबोर्ड होता, आणि सांडलें तें तूप नसून पैसे होते. वाचकांपैकीं कोणी दिवाणखान्यांतील टी.व्ही.ला कायमचा जोडून ठेवण्यासाठीं संगणक बांधवून घेण्याच्या विचारांत असतील, तर त्यांचे तरी पैसे वांचावे म्हणून ही हकीकत सांगतों.

असा संगणक हवाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरीं केवळ वर्गणी भरून येणारे चित्रपट व मालिका पाहतात, त्यांनीं या भानगडींत पडूं नये. त्या कामीं टी.व्ही.मधील सोय पुरेशी असते. इतकेंच नव्हे, तर यांतील कांहीं सेवा संगणकाच्या साध्या ब्राउझरमध्यें आपलें उत्तम प्रतीचें चित्र देतच नाहींत. संगणक लागतो तो ज्यांच्याजवळ स्वतःचा संग्रह आहे त्यांना.

आमच्याजवळ तो आहे. आमचे थोरले बंधू अण्णा चातुर्मासांत घरींच ज्ञानेश्वरीवर प्रवचन करीत. १९८७ पासून सात-आठ वर्षें घरांतील कोणी ना कोणी तें कॅसेटवर उतरवून घेतलें. लग्नामुंजींच्या व्हिडिओ-टेपा आणखी निराळ्या. पुतण्यानें दोन वर्षें खपून हें सर्व संगणकाच्या फायलींत आणलें. पेनड्राइव्ह टी.व्ही.ला लावला, तों कांहीं फायलींचें चित्र दिसे पण आवाज नसे, आणि कांहीं मुळीं उघडतच नसत. अण्णांना जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. वहिनींना ब्याऐंशीवें वर्ष चालू आहे. त्या इतकेंच म्हणाल्या, "एकदां नीट ऐकायला मिळूं दे."

पुतण्यानें आपला कॉलेजच्या दिवसांतला उभा संगणक माळ्यावरून काढून टी.व्ही.शेजारीं मांडला. अण्णांचा आवाज मुळांतच हळू. मास्तरकी आम्हीं केली, त्यांनीं नव्हे. वहिनींनीं डोळे मिटून पांचेक मिनिटें ऐकलें आणि विचारलें, "भावोजी, आवाज यांचाच आहे, पण मागें पाऊस पडतोय का?"

पाऊस नव्हता. त्या जुन्या पेटींतील तीन पंखे घरघरत होते. आम्हां बाकीच्यांना तो आवाज ऐकूंच येत नव्हता, कारण संगणक म्हटला कीं घरघरणारच असें आपण कधींच मान्य करून टाकलेलें असतें. लिहिण्याच्या मेजावर तें चालतें. ऐकण्यासाठीं मांडलेल्या यंत्रानेंच ऐकण्याच्या आड यावें, हें मात्र चालण्यासारखें नाहीं.

नवा संगणक बांधावयाचा ठरला. बाजारांत ज्याला कॅबिनेट म्हणतात ती पेटी, आणि तिच्यांत ज्यावर सर्व सुटे भाग बसतात तो मदरबोर्ड, या दोन मुख्य वस्तू. मदरबोर्डाला आम्हीं "मातृफलक" असा शब्द योजिला व तो दोन दिवस घरांत रूढ करण्याचा यत्न केला. नातवंडें अजून तेवढ्यावरून आमची थट्टा करतात. तर हा मातृफलक एका दुकानांत सवलतीनें मिळतो असें कळतांच, पुतण्याची वाट न पाहतां, आम्हीं तो घेऊन आलों. मोठा तेवढा चांगला, हें आमचें शास्त्र. मग त्याला साजेशी पेटी पाहूं लागलों, आणि जी मिळे ती टी.व्ही.खालच्या कपाटांत शिरेना. दुकानदार फलक परत घेईना. नियम त्याच्या पावतीवर छापलेलाच होता, वाचला आम्हींच नव्हता.

म्हणून क्रम लक्षांत ठेवावा. प्रथम जागा, मग पेटी, मग फलक. टेप घेऊन कपाटाच्या कप्प्याची आंतली रुंदी, उंची व खोली मोजावी. बाहेरून मोजूं नये, प्लायवूडची जाडी फसवते. मागें तारांच्या वळणासाठीं चार-पांच सेंटिमीटर सोडावे. आमचा कप्पा ४२ रुंद, २६ उंच व ४० सेंटिमीटर खोल निघाला. खास दिवाणखान्यासाठीं केलेल्या कित्येक आडव्या पेट्या जुन्या अँप्लिफायरच्या रुंदीच्या, म्हणजे सुमारें ४४ सेंटिमीटर असतात. सिल्व्हरस्टोनच्या ग्रँडिया मालिकेंतील जी.डी. ०९ ही तशीच, ४४ रुंद, १७ उंच, ३५.८ खोल. देखणी वस्तु; पण दोन सेंटिमीटरांसाठीं आम्हांला निरुपयोगी.

मग मोह पडला तो पाटीसारख्या चपट्या पेटीचा. पुतण्यानें एका मित्राची चालू पेटी परीक्षेसाठीं मागून आणली. कपाटांत ती अशी सुरेख बसली कीं, सूनबाईंनीं तेव्हांच पसंती दिली. दिवस वैशाखाचे होते. कपाटाचें कांचेचें दार लावलें, आणि अर्ध्या तासांत आंतला चिमुकला पंखा चिलटासारखा गाऊं लागला.

याचें कारण साधें आहे. ठराविक उष्णता बाहेर काढण्यास ठराविक वारा लागतो. चार सेंटिमीटरांच्या पंख्याला तेवढा वारा देण्यासाठीं जिवाच्या आकांतानें फिरावें लागतें; बारा किंवा चौदा सेंटिमीटरांचा पंखा तेंच काम संथपणें करतो. देवळांतला घंटानाद व सायकलची घंटी यांत जो फरक, तोच या दोन आवाजांत. मोठ्या पंख्याचा आवाज खालच्या स्वराचा असतो आणि चटकन् कानांत शिरत नाहीं. चपट्या पेटींत मोठा पंखा मावत नाहीं, आणि प्रोसेसरवर बसवावयाचा हीटसिंकही बुटका घ्यावा लागतो. शिवाय बंद कपाटांत पंखा तीच गरम हवा पुनःपुन्हा ओढीत राहतो. आम्हीं सुतार बोलावून कप्प्याची मागची फळी चौकोनी कापून घेतली. सगळ्या खटाटोपांत स्वस्त व सर्वांत उपयोगी काम तेंच ठरलें.

अखेर पसंत पडली ती पेटी फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीची, २०१२ सालीं प्रथम निघालेली नोड ३०४. रुंदी २५, उंची २१, खोली ३७.४ सेंटिमीटर, शिवणयंत्राच्या लांकडी झांकणाची आठवण व्हावी असा आकार. मागें चौदा सेंटिमीटरांचा एक व पुढें ९२ मिलिमीटरांचे दोन पंखे, आणि त्यांचा वेग कमी-अधिक करण्यास पाठीमागें खटका. हवा येते तेथें जाळी असून ती काढून धुतां येते. रस्त्याकांठच्या घरांत जाळी नसलेली पेटी म्हणजे वर्षाच्या आंत हीटसिंकवर लोकरीचा थर, हें ध्यानांत असावें. पुढच्या बाजूस चकचकीत कांच वा रंगीबेरंगी दिवे नाहींत. नातवंडें हिरमुसलीं, पण अंधारांत चित्रपट पाहतांना शेजारीं दिवाळी कशाला?

या पेटींत मिनी-आय.टी.एक्स्. मापाचाच फलक बसतो. मापें मुख्यतः तीन आहेत. इंटेलनें १९९५ सालीं ठरविलेलें ए.टी.एक्स्. हें ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर. आमची फसगत झाली ती याच मापानें. १९९७ चें मायक्रो-ए.टी.एक्स्. २४४ मिलिमीटरांचें चौकोनी; आणि व्हिया या तैवानी कंपनीनें २००१ सालीं काढलेलें मिनी-आय.टी.एक्स्. अवघें १७० मिलिमीटरांचें. स्क्रूचीं भोकें एकाच आंखणीवर असल्यामुळें लहान फलक मोठ्या पेटींत सहसा बसतो. उलट मात्र कधींच होत नाहीं. लहान फलकावर विस्तारासाठीं बहुधा एकच खांच व रॅमसाठीं दोन खांचा मिळतात, आणि किंमत मात्र मोठ्याहून थोडी अधिकच पडते. जागा असेल त्यानें मायक्रो घ्यावा; त्यांत निवड पुष्कळ. ध्वनीसाठीं वेगळें कार्ड लागेल, या भीतीनें मोठा फलक घेऊं नये. चित्र व ध्वनि दोन्ही एच्.डी.एम्.आय्.च्या एकाच तारेंतून जातात.

या एच्.डी.एम्.आय्.विषयीं मात्र दोन गोष्टी नीट पाहून घ्याव्या, कारण येथें जाणतेही चुकतात. पहिली अशी कीं, फलकावरील हें भोंक जिवंत होतें तें प्रोसेसरमध्यें चित्र काढण्याचा अंगभूत भाग असेल तरच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं एफ् हें अक्षर असतें, त्यांत तो भाग नसतो. ते थोडे स्वस्त असतात. पण मग निराळें ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा निराळा पंखा आला, म्हणजे पुन्हां पाऊस आला. दुसरी गोष्ट आवृत्तीची. एच्.डी.एम्.आय्. १.४ फोर-के चित्र, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, सेकंदास तीसच वेळां देऊं शकतें; साठ वेळां हवें तर २.० किंवा पुढची आवृत्ति पाहिजे. खोक्यावर नुसतें "एच्.डी.एम्.आय्." छापलेलें असतें, आवृत्ति माहितीपुस्तिकेंत सांपडते. ती दुकानांतच उघडावी, घरीं आल्यावर नव्हे. हें आम्हीं अनुभवानें सांगतों.

नव्या पद्धतीनें आंवळून भरलेलीं चित्रें उलगडण्याची सोय प्रोसेसरच्या अंगींच असावी, हेंही पाहावें. एच्.ई.व्ही.सी. ही दहा-बिटी पद्धति इंटेलच्या २०१७ च्या सातव्या पिढीपासूनच्या मेजावरील प्रोसेसरांना येते, ए.व्ही.१ ही त्याहून नवी पद्धति २०२१ च्या आसपासच्या पिढीपासून. ही विद्या अंगीं नसली, तर तेंच काम प्रोसेसर कष्टानें करतो, तापतो, आणि पंख्याला हांक मारतो.

येथें घरांत दोन पक्ष पडले. आमचें म्हणणें, इंटेलचा २०२३ सालचा एन्-१०० घ्यावा. तो फलकावरच जडवलेला मिळतो, त्याची औष्णिक मर्यादा ६ वॅट, आणि कांहीं फलकांवर त्याला पंखाच नसतो. केवळ ऐकणें-पाहणें एवढाच हेतु असेल त्यांनीं डोळे झांकून तो घ्यावा. तो घेतला तर चपटी पेटीही बिनधोक चालते. पुतण्याचें म्हणणें, मुलें उद्यां खेळ खेळावयास मागतील, तेव्हां ग्राफिक्स कार्डाची एक खांच राखून ठेवावी. वहिनींचें मत विचारलें, तर त्या म्हणाल्या, "मुलांना खेळूं द्या, पण मी झोपल्यावर." तेव्हां साधा चार गाभ्यांचा, अंगभूत चित्रभाग असलेला प्रोसेसर, त्यावर उंच हीटसिंक व संथ पंखा, आणि कार्डाची खांच तूर्त रिकामी, असा तह झाला. पंख्यांसाठीं फलकावर चार टांचण्यांच्या जागा पुरेशा आहेत ना, हें मोजून घेतलें. तसल्या जोडणीनें प्रोसेसर थंड असतां पंखा आपोआप मंद करतां येतो.

एस्.एम्.पी.एस्. फार मोठा घेण्याची गरज नाहीं. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क पेटींत ठेवूं नये, ती बारीक किरकिरते. आम्हीं फलकावर टोंचून बसणारी एम्.२ जातीची एस्.एस्.डी. घेतली, आणि संग्रहाच्या दोन प्रती आंतल्या खोलींतील व बँकेच्या लॉकरमधील डिस्कांवर ठेवल्या. पाहण्या-ऐकण्यासाठीं २०१४ पासून कोडी या नांवानें चालणारा फुकट प्रोग्राम आहे, तो बसविला. टी.व्ही.च्या रिमोटनें संगणक चालेल ही आशा मात्र सोडावी. ती सोय मदरबोर्डांवर सहसा नसते. निराळा अडॉप्टर किंवा लहान बिनतारी कीबोर्ड घ्यावा लागतो. आम्हीं कीबोर्ड घेतला.

गेल्या एकादशीस जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी बसलीं. १९८९ सालची कॅसेट लावली. टेपची स्वतःची सळसळ होती. ती वहिनींनीं ओळखली व मान हलविली, तिच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. अण्णांनीं ओवी वाचली, क्षणभर थांबले, आणि त्या थांबण्यांत टक् असा बारीक आवाज झाला. आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. पुतण्या पेटीकडे पाहूं लागला.

"चष्म्याचें घर मिटलें," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक ओवीनंतर चष्मा पुसायचे. पुन्हां लावा बरें."

पुन्हां लावलें, मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळीं मागें नेण्याचें बटण कोणतें तें त्यांनीं स्वतःच विचारून घेतलें. पुतण्यानें त्या बटणावर पांढऱ्या कागदाची टिकली चिकटविली आहे.