सीसीमध्ये सगळे, टूमध्ये कुणीच नाही

ऑफिसातला तो मेल आठवा. सीसीमध्ये बारा जण, पण काम नक्की कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. काम पडून राहतं आणि विचारलं की प्रत्येकाचं उत्तर तयार, ‘मला वाटलं तो बघतोय!’ शहरातल्या बेघरांचं अगदी हेच झालंय.

परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ घ्या. उपचारांसाठी पार बिहार-बंगालहून आलेली माणसं तिथे मुक्काम टाकताना मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिलीत. हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं (हो, खरंच!), फुटपाथ महापालिकेचा, पोलिस राज्याच्या गृहखात्याचे. केमो हॉस्पिटल देतं. पण केमोनंतर पोटात ढवळत असताना रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर? टाटाचा समाजसेवा विभाग राहायची सोय लावायला मदत करतो, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं कॅन्सरच्या पेशंटना आसरा देतेय. म्हणजे दोघांनी हात मिळवले की जमतं. फक्त खाटा मोजक्या आणि रांग मोठी.

नियम नाहीत असं नाही हं. लाखभर लोकवस्तीमागे शंभर जणांसाठी कायमचा निवारा, माणशी 50 चौरस फूट जागा, हे 2013च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात चक्क लिहिलेलं होतं. 2011च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात. करा हिशेब! बेघर मोजले गेले 57 हजारांवर, तेही मोजणाऱ्यांना दिसले तेवढेच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2016मध्ये कोर्टाला निवाऱ्यांची पाहणी करायला न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

इंग्लंडने सीसीवाल्यांना कायद्यानेच कामाला लावलं. एप्रिल 2018पासून, माणूस येत्या 56 दिवसांत बेघर होण्याची शक्यता असेल तर स्थानिक कौन्सिलने हातपाय हलवायचे. (आपला नोटीस पिरियडही साधारण तेवढाच असतो, नाही का?) त्याच ऑक्टोबरपासून हॉस्पिटल, तुरुंग, रोजगार केंद्र यांच्यापुढे असा माणूस आला, तर त्याच्या परवानगीने कौन्सिलला कळवणं बंधनकारक झालं. माणूस रस्त्यावर येण्याआधी फाइल हलते, हे मला भारी वाटतं. पण नुसतं फॉरवर्ड करून भागत नाही, बॉस. पुढे घरंच नसतील तर? 2023मध्ये तिथली एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या जागेत दिवस काढत होती.

ती बाजू फिनलंडने धरली. 2008पासून सरकार, शहरं आणि संस्था एकाच योजनेत. आधी घर, दारू सोडवणं वगैरे नंतर. हेलसिंकीतल्या साल्व्हेशन आर्मीच्या जुन्या वसतिगृहात बेडऐवजी 80 फ्लॅट झाले, भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर. 1980च्या दशकाच्या अखेरीस देशात 18 हजारांच्या आसपास बेघर होते, 2023मध्ये साडेतीन हजारांच्या आत. 2024मध्ये सरकारने भत्त्यांना कात्री लावल्यावर आकडा पुन्हा चढला, हेही सांगायला हवं.

मुंबईला लगेच 80 फ्लॅट परवडणार नाहीत, मान्य. पण डिस्चार्ज कार्डावर एक रकाना तर वाढवता येईल, ‘आज रात्री कुठे राहणार?’ उत्तर कोरं असेल तर हॉस्पिटलने वॉर्ड ऑफिसला फोन करायचा. आणि तो उचलायला तिथे रात्री नऊनंतरही कुणीतरी हवं.